रकाना कोण भरतो? जनगणनेतला ‘वंश’ आणि आमच्या घरातली दोन उत्तरं

रानजाई (धागाकर्ती)
शनिवार, सकाळी १०.१५

२०११ साली इंग्लंडमधल्या जनगणनेचा फॉर्म आमच्या घरात मी भरला होता. नवरा इंग्रज, मी मराठी, मुलगी तेव्हा आठ वर्षांची. ‘तुमचा वांशिक गट कोणता?’ या प्रश्नापाशी मी फारशी थांबले नाही. ‘मिश्र’ या मथळ्याखाली ‘गोरे आणि आशियाई’ असा रकाना होता, तिच्या नावाला त्यात खूण केली आणि पान उलटलं.

२०२१च्या जनगणनेत ती अठराची होती. आपला भाग तिने स्वतः भरला. ‘आशियाई’खाली ‘भारतीय’. मी बघितलं आणि न राहवून विचारलं, “अगं, आणि बाबा?” ती म्हणाली, “आई, प्रश्न बाबाबद्दल नाहीये, माझ्याबद्दल आहे. ‘तू अर्धी गोरी का?’ असं मला आजवर कोणी विचारलेलं नाही. ‘तू मूळची कुठली?’ असं मात्र सारखं कोणीतरी विचारतं.”

मला काही बोलता आलं नाही. मुलगी तीच, आईबाप तेच, आणि दहा वर्षांत सरकारी तक्त्यात ती एका गटातून उठून दुसऱ्या गटात जाऊन बसली. तेव्हापासून हा विषय डोक्यातून जात नाही, म्हणून धागा काढतेय.

वाचायला लागल्यावर पहिल्यांदा लक्षात आलं की हे रकाने मुळीच जुने नाहीत. ब्रिटनच्या जनगणनेत वांशिक गटाचा प्रश्न आला तो १९९१ साली. त्या फॉर्मवर ‘मिश्र’ नव्हतंच, ते २००१मध्ये आलं. चिनी लोक २००१मध्ये ‘चिनी किंवा इतर’ या मथळ्याखाली होते, २०११मध्ये ते ‘आशियाई’त आले. ‘अरब’ हा रकाना २०११चा, ‘रोमा’ २०२१चा. माणसं जिथल्या तिथे राहिली, रेघा हलल्या.

मग अमेरिकेचं वाचलं आणि झोप उडाली. १८९०च्या जनगणनेत प्रगणकांना दिलेली सूचना अशी: तीन चतुर्थांश किंवा जास्त ‘काळं रक्त’ असेल तो ‘ब्लॅक’, तीन अष्टमांश ते पाच अष्टमांश असेल तो ‘मुलॅटो’, एक चतुर्थांश असेल तो ‘क्वाड्रून’, एक अष्टमांश किंवा नुसता लवलेश असेल तो ‘ऑक्टोरून’. हातात दौत-टाक घेऊन दारात उभा राहिलेला माणूस समोरच्या बाईचं एक अष्टमांश रक्त कशावरून ओळखणार? तोंडाकडे बघून, शेजाऱ्यांना विचारून, घर कुठल्या वस्तीत आहे ते पाहून. आणि हे सगळं पक्क्या शाईत उतरून देशाचा आकडा होणार. पुढच्याच जनगणनेत हे अपूर्णांक काढून टाकले. १९३०मध्ये तर मिश्र संततीत कृष्णवर्णीय अंश कितीही थोडा असला तरी ‘नीग्रो’च लिहा, असं स्पष्ट सांगितलं होतं.

१९६०पासून अमेरिकेत टपालाने फॉर्म यायला लागले आणि लोक स्वतः खूण करू लागले. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला मोठा बदल हाच. प्रश्न तोच राहिला, पण पेन दुसऱ्याच्या हातून माझ्या हातात आलं.

म्हणून आता कुठलाही ‘अमुक वंशाचे इतके टक्के’ असा आकडा दिसला की मी दोन गोष्टी शोधते. रकाना कोणी भरला? आणि त्या उत्तराचं पुढे काय झालं? हे कळल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही, असं माझं ठाम मत झालंय. तुमच्या देशांत काय पद्धत आहे, तुम्ही काय भरता, जरूर लिहा.


पैलतीर
शनिवार, दुपारी १२.४०

फार चांगला विषय. मी तीस वर्षं अमेरिकेत आहे, तेव्हा आपल्या लोकांचं इथे काय काय झालं ते लिहितो.

१९२०, १९३० आणि १९४०च्या जनगणनांत वंशाच्या पर्यायांमध्ये ‘हिंदू’ होतं. धर्म म्हणून नव्हे, वंश म्हणून. कॅलिफोर्नियात शेती करणारे शीख, त्यांच्याबरोबर आलेले मुसलमान, सगळे ‘हिंदू’.

त्याच काळात पंजाबातून आलेले शीख भगतसिंग थिंड यांचा खटला झाला. तेव्हा नागरिकत्व मिळायचं ते ‘गोऱ्या मुक्त व्यक्तीं’ना आणि आफ्रिकी वंशाच्या लोकांना. नोव्हेंबर १९२२मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ताकाओ ओझावा या जपानी माणसाला नाकारलं, कारण ‘गोरा’ म्हणजे ‘कॉकेशियन’ (युरोपीय लोक ज्यात धरले जात तो तेव्हाच्या मानववंशशास्त्रातला गट) आणि ओझावा कॉकेशियन नाहीत. थिंड यांनी तोच धागा पकडला. मानववंशशास्त्रज्ञ उत्तर हिंदुस्थानातल्या लोकांना कॉकेशियन म्हणतात, मग मी गोरा ठरतो. तीनच महिन्यांनी, फेब्रुवारी १९२३मध्ये, त्याच न्यायालयाने सांगितलं की शास्त्रज्ञ काय म्हणतात ते गैरलागू, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. या निकालानंतर आधी नागरिक झालेल्या कित्येक भारतीयांचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं.

आणि १९७०च्या जनगणनेत भारतीय लोक मोजले गेले ते ‘गोरे’ म्हणून. पुढे भारतीयांच्या संघटनांनी प्रयत्न केले, आणि १९८०च्या फॉर्मवर ‘एशियन इंडियन’ हा वेगळा रकाना आला. १९३०ला तरुण असलेला आणि १९८०पर्यंत जगलेला एखादा म्हातारा डोळ्यांसमोर आणा. ‘हिंदू’ वंशाचा, मग गोरा, मग आशियाई.

१९८०चा बदल का मागितला तेही सांगायला हवं. नागरी हक्कांच्या कायद्यांनंतर नोकरीतला भेदभाव सिद्ध करायला आकडे लागायचे आणि आकड्यांसाठी रकाना लागायचा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं, उत्तराचं पुढे काय होतं याचं, हे एक उत्तर.


अनुस्वार
शनिवार, दुपारी २.०५

@पैलतीर, मेक्सिकन लोकांचं याच्या अगदी उलट. १९३०च्या जनगणनेत ‘मेक्सिकन’ हा वंश म्हणून टाकला होता. तेव्हा गोरे न ठरणं म्हणजे हक्क जाणं, म्हणून त्यांच्या संघटनांनी आणि मेक्सिकोच्या सरकारने विरोध केला, आणि १९४०मध्ये तो पर्याय गेला. एका गटाने रकाना काढून घेतला, दुसऱ्याने चाळीस वर्षांनी मागून घेतला. मधल्या काळात कायदा बदलला होता.


शब्दवेल्हाळ
शनिवार, दुपारी ४.३०

मला भाषेचं बोलायचंय. आपण ‘वंश’ म्हणतो तेव्हा आपल्या मनात काय येतं? वंशावळ, वंशाचा दिवा, निर्वंश. म्हणजे कुळ, रक्ताची साखळी. इंग्रजीत ‘रेस’ आणि ‘एथ्निसिटी’ असे दोन शब्द आहेत, आणि मराठीत आपण दोन्हींना ‘वंश’ किंवा ‘वांशिक’ लावून मोकळे होतो. त्यामुळे ब्रिटनचा प्रश्न आणि अमेरिकेचा प्रश्न मराठी बातमीत एकच वाटतो. तो एक नाही. अमेरिकेच्या फॉर्मवर कितीतरी वर्षं दोन वेगळे प्रश्न होते: तुम्ही हिस्पॅनिक (म्हणजे स्पॅनिश भाषक देशांतल्या मुळाचे) आहात का, आणि तुमचा वंश कोणता. हिस्पॅनिक माणूस कुठल्याही वंशाचा असू शकतो, असं त्यामागचं तत्त्व. लाखो लोकांना ते पटलंच नाही. त्यांनी वंशाच्या प्रश्नावर ‘इतर’ची खूण करून तिथे आपला देश लिहिला.

@रानजाई, तुमच्या मुलीने जे उत्तर दिलं त्याला मराठी शब्द काय द्यायचा याचा मी सकाळपासून विचार करतोय. वंश नाही ते. ‘ओळख’ हाच त्यातल्या त्यात जवळचा.


मोजपट्टी
शनिवार, रात्री ९.५०

मी एका देशाच्या सांख्यिकी विभागात काही वर्षं कोडिंगचं, म्हणजे लोकांच्या उत्तरांना ठरावीक कोड देण्याचं, काम केलंय. देश आणि विभाग सांगत नाही, पण काम कसं चालतं ते सांगते, कारण आकडा तयार होतो तो या टेबलावर.

लोक रकान्यात खूण करतात, ते यंत्र वाचतं. खूण न करता रेषेवर काही लिहिलं असेल, तर ते आमच्यापुढे यायचं. स्क्रीनवर डावीकडे माणसाच्या हस्ताक्षराचं चित्र, उजवीकडे कोडची यादी. बहुतेक उत्तरं सोपी असतात, देशाचं नाव असतं. पण एक उत्तर मला अजून आठवतं. निळ्या शाईत, अक्षर रेषेच्या बाहेर गेलेलं: ‘आई नायजेरियन, वडील वेल्श, मी दोघांची’. यादीत पहिल्या भागाला कोड होता, दुसऱ्याला होता. ‘मी दोघांची’ला नव्हता. मी दोन कोड टाकले आणि पुढचं चित्र आलं. ती कोण होती माहीत नाही, पण तिचं तिसरं वाक्य माझ्याजवळच राहिलं.

आता यातून काय घडू शकतं ते बघा. अमेरिकेत २०१०मध्ये एकापेक्षा जास्त वंश सांगणारे लोक ९० लाख होते, म्हणजे २.९ टक्के. २०२०मध्ये ३ कोटी ३८ लाख, १०.२ टक्के. दहा वर्षांत जवळजवळ चौपट. वर्तमानपत्रांनी मथळे दिले की अमेरिका मिश्र झाली. पण एवढी मिश्र लग्नं आणि एवढे जन्म दहा वर्षांत होत नाहीत. २०२०मध्ये ‘गोरे’ आणि ‘ब्लॅक’ या रकान्यांखाली प्रथमच मूळ लिहायला जागा दिली, आणि लिहिलेल्या मजकुरातली पूर्वीपेक्षा बरीच जास्त अक्षरं वाचून कोड केली. ‘गोरा’वर खूण करून खाली ‘मेक्सिकन’ लिहिलं, की एक कोड गोऱ्याचा आणि दुसरा ‘इतर वंश’चा. झाला माणूस दोन वंशांचा. त्याने खूण एकच केली होती. जनगणना विभागाने स्वतःच सांगितलं की वाढीचा मोठा भाग प्रश्नाची मांडणी आणि कोडिंग सुधारल्यामुळे आहे. मथळ्यांत ते कुठून येणार.

@रानजाई, तुमच्या घरी घडलं ते अपवाद समजू नका. अमेरिकेत २००० आणि २०१० या दोन जनगणनांतल्या त्याच माणसांच्या १६ कोटी २० लाख नोंदी संशोधकांनी जोडून पाहिल्या. ९८ लाख लोकांचं वंशाचं किंवा हिस्पॅनिक असण्याचं उत्तर दहा वर्षांत बदललेलं होतं. सुमारे सहा टक्के. काहींचा फॉर्म दुसऱ्या वेळी घरातल्या वेगळ्या माणसाने भरला असेल, काही मुलं मोठी झाली असतील, काहींचं मन बदललं असेल.

अजून एक, आणि हे मला सर्वांत गंभीर वाटतं. कुठलाही दर काढताना वर एक आकडा असतो आणि खाली एक. मृत्यूदर घ्या. खालची लोकसंख्या जनगणनेतून येते, तिथे माणसाने स्वतःचा गट स्वतः सांगितलेला असतो. वरचे मृत्यू दाखल्यांवरून येतात, आणि मेलेला माणूस बोलत नाही. अमेरिकेत मृत्यूच्या दाखल्यावर वंश लिहितो अंत्यसंस्काराची व्यवस्था करणारा व्यावसायिक. त्याने नातेवाइकांना विचारायचं असतं, पण विचारलं नाही तर चेहरा बघून लिहिलं जातं. मूळ अमेरिकी आदिवासींच्या बाबतीत हे खूप घडलं. जिवंतपणी स्वतःला आदिवासी म्हणवणारे मेल्यावर ‘गोरे’ म्हणून नोंदले गेले, आणि त्यामुळे त्यांचा मृत्यूदर कागदावर खऱ्यापेक्षा कमी दिसत राहिला. एकाच अपूर्णांकात वर एकाने भरलेला रकाना, खाली दुसऱ्याने भरलेला. तुमचा पहिला प्रश्न म्हणूनच इतका महत्त्वाचा आहे.


शब्दवेल्हाळ
शनिवार, रात्री १०.२०

@मोजपट्टी, ‘मी दोघांची’ वाचून गलबललो. मनापासून आभार.


कोरा_कागद
रविवार, सकाळी ८.३०

सगळं वाचलं. माझं मत वेगळं आहे आणि ते ठामपणे मांडतो. हा रकाना असूच नये.

आम्सटरडॅमचा मे १९४१चा एक नकाशा आहे. शहराचे रस्ते, आणि त्यावर काळे ठिपके. एक ठिपका म्हणजे दहा ज्यू. नाझींच्या हुकमावरून महापालिकेने तो स्वतःच्या नोंदवहीतून बनवून दिला. नेदरलँड्समधली लोकसंख्येची नोंद युरोपात नावाजलेली होती, प्रत्येक माणसाचं कार्ड, त्यावर धर्म. शांततेच्या काळात, चांगल्या हेतूने, नेटकेपणाने भरलेलं. देशातल्या सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी १,००,०००हून जास्त मारले गेले. २७ मार्च १९४३ला प्रतिकार करणाऱ्यांनी ती नोंदणी कचेरी पेटवली, पण तोवर फार उशीर झाला होता.

रवांडामध्ये १९३०च्या दशकात बेल्जियमच्या राजवटीने ओळखपत्रं वाटली आणि त्यावर हुतू, तुत्सी किंवा त्वा असं लिहिलं. स्वातंत्र्यानंतरही ती नोंद राहिली. १९९४मध्ये तुत्सींचं हत्याकांड झालं तेव्हा रस्त्यांवरच्या नाक्यांवर तीच कार्डं मागितली जात होती.

आणि लोकशाहीत असं होत नाही म्हणाल, तर १९४२. जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत नेताना अमेरिकेच्या जनगणना विभागाने कुठल्या भागात ते किती राहतात याचे तपशीलवार तक्ते लष्कराला दिले. गोपनीयतेचं कलम युद्धकाळातल्या कायद्याने बाजूला ठेवलेलं होतं. २०००मध्ये विभागाच्या संचालकांनी त्याबद्दल जाहीर माफी मागितली.

@रानजाई, उत्तराचं पुढे काय होतं असं तुम्ही विचारता. भरताना ते कुणालाच माहीत नसतं, इतकंच माझं म्हणणं आहे. आजचं सरकार सांगेल, उद्याचं सांगणार नाही.


रानजाई (धागाकर्ती)
रविवार, सकाळी ११.००

@कोरा_कागद, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. ठिपक्यांच्या नकाशावर मी काही बोलू शकत नाही. ती भीती खरी आहे.

पण २०२०चा वसंत मी इथे काढलाय. रुग्णालयांतून बातम्या येत होत्या की कोविडने कृष्णवर्णीय आणि दक्षिण आशियाई लोक जास्त दगावताहेत. खरंच तसं आहे, की तसं वाटतंय? इंग्लंड-वेल्समध्ये तेव्हा मृत्यूच्या दाखल्यावर वांशिक गट लिहीत नसत. म्हणून राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने मृत्यूच्या नोंदी २०११च्या जनगणनेशी जोडल्या. मे महिन्यात निष्कर्ष आले. वय लक्षात घेतलं तर कृष्णवर्णीय पुरुषांचा कोविडने मृत्यू होण्याचा धोका गोऱ्या पुरुषांच्या ४.२ पट होता. घर, उत्पन्न, वस्ती, आधीचं आजारपण हे हिशोबात धरल्यावर तो १.९ पटीवर आला. म्हणजे फरकाचा मोठा भाग माणसं कशी आणि कुठे राहतात यात होता, आणि तरीही काहीतरी उरत होतं. हे कळलं ते दहा वर्षांपूर्वी लोकांनी केलेल्या खुणांमुळे. मी पान उलटण्याआधी घाईत केलेली खूणही त्यात आहे.

रकाना नसता तर मृत्यू झालेच असते. दिसले नसते.


निळीशाई
रविवार, दुपारी १.१५

कोरा_कागद जे म्हणतात तसा देश आहे, मी तिथे राहते. फ्रान्स. घटनेच्या पहिल्याच कलमात मूळ, वंश किंवा धर्म यांचा भेद न करता सर्व नागरिक समान, असं आहे. १५ नोव्हेंबर २००७च्या निकालात घटना परिषदेने (कायदे घटनेला धरून आहेत का हे ठरवणारी संस्था) सांगितलं की वांशिक मूळ किंवा वंश यावर आधारलेली आकडेवारी गोळा करणं या कलमाविरुद्ध जातं. जन्मस्थान विचारता येतं, राष्ट्रीयत्व विचारता येतं. यामागची भावना खोटी नाही. दुसऱ्या महायुद्धात नाझींना साथ देणाऱ्या फ्रान्सच्या व्हिशी सरकारने ज्यूंच्या नोंदी करून घेतल्या होत्या आणि त्याची आठवण इथे जिवंत आहे.

अडचण तिसऱ्या पिढीत येते. ज्याचे आजी-आजोबा अल्जीरियातून आले, आईबाप इथे जन्मले, तो आकड्यांत नुसता फ्रेंच. चांगलंच आहे की. पण त्याला घर भाड्याने मिळत नसेल, नोकरीच्या अर्जाला उत्तर येत नसेल, तर ते जनगणनेतून कधीच दिसणार नाही. म्हणून संशोधक आडवाटेने जातात. २००८–०९मध्ये एक मोठं सर्वेक्षण झालं, त्यात आईवडिलांचं जन्मस्थान विचारलं. २०२५पासून जनगणनेतही तो प्रश्न ऐच्छिक म्हणून आलाय, आणि त्यावर बराच वाद झाला.

प्रशांत महासागरातल्या न्यू कॅलेडोनियात मात्र फ्रान्सचीच जनगणना ‘तुम्ही कनाक का, युरोपीय का’ असा समुदाय विचारते. २००३मध्ये राष्ट्राध्यक्ष शिराक यांनी संतापून तो प्रश्न काढायला लावला होता. तिथले मूळ रहिवासी कनाक, त्यांच्या नेत्यांनाच प्रश्न काढलेला नको होता, कारण आपण किती आहोत हे सांगता आल्याशिवाय वाटा मागता येत नाही. २००९मध्ये प्रश्न परत आला. मला स्वतःला हा प्रसंग फार शिकवून गेला. मोजू नका म्हणणारा पॅरिसमध्ये होता आणि आम्हाला मोजा म्हणणारे तिथले मूळ रहिवासी होते.


उंबरठा
रविवार, दुपारी ३.४५

दक्षिण आफ्रिकेचं कोणी लिहिलं नाही, म्हणून थोडक्यात.

१९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येक माणसावर वंशाचा शिक्का मारला. गोरा कोण? जो दिसायला उघड गोरा, किंवा ज्याला सर्वसाधारणपणे गोरा मानलं जातं. शंका असेल तर अधिकारी ठरवणार. केसांत पेन्सिल खोचून बघायचे, अडकून राहिली की माणूस गोरा नाही. एकाच घरातल्या भावंडांचे वर्ग वेगळे ठरले, आणि वर्गावर शाळा, वस्ती, लग्न सगळं अवलंबून. कायदा १९९१मध्ये रद्द झाला.

आणि तरीही आजच्या जनगणनेत मुख्य चार गट आहेत: कृष्णवर्णीय आफ्रिकी, कलर्ड (मिश्र वंशाचे), भारतीय किंवा आशियाई, गोरे. २०२२मध्ये अनुक्रमे ८१.४, ८.२, २.७ आणि ७.३ टक्के. फरक एवढाच की आता माणूस स्वतः सांगतो, आणि उत्तर वापरलं जातं ते जुना अन्याय किती भरून निघाला हे बघायला. तिथे माझ्या ओळखीची एक वयस्क बाई आहे, तिला ‘कलर्ड’ या शब्दाची चीड आहे. दर वेळी तीच खूण करते. म्हणते, दुसरं काही लिहिलं तर आमच्या वस्तीचा आकडा कमी होईल.


वाटसरू
रविवार, सायंकाळी ५.२०

भारताच्या जनगणनेत वंश विचारतात का? आणि जातीची गणना याच प्रकारात येते का?


रानजाई (धागाकर्ती)
रविवार, सायंकाळी ६.००

@वाटसरू, वंश विचारत नाहीत. पण खानेसुमारीच्या काळात दोन्ही एकमेकांत मिसळले होते. १९०१च्या जनगणनेचे आयुक्त हर्बर्ट रिझली हे नाकाची लांबी-रुंदी मोजून जाती म्हणजे वंशच, असं सिद्ध करू पाहत होते. त्यांनी जातींची सामाजिक उतरंड लावायला घेतली, तेव्हा आम्हाला वरची पायरी द्या म्हणून अर्जांचे ढीग आले. माणसं रकान्यानुसार स्वतःला कशी लावून घेतात याचं ते मोठं उदाहरण. सर्व जातींचे आकडे शेवटचे छापले गेले ते १९३१चे. जातगणनेवर मात्र वेगळा धागा हवा, इथे सुरू केलं तर मूळ विषय बाजूला पडेल.


मोगरा
रविवार, रात्री ८.१०

सिंगापूर: चिनी, मलय, भारतीय, इतर. मराठी माणूस ‘भारतीय’. जनगणनेपुरतं नाही, ओळखपत्राच्या नोंदीतही वंश असतो. १९८९पासून सरकारी इमारतींत कुठल्या वंशाची किती घरं याची मर्यादा आहे, वस्त्या वेगळ्या पडू नयेत म्हणून. त्यामुळे घर विकताना ग्राहक तयार असूनही त्याच्या वंशाचा वाटा भरला असेल तर व्यवहार अडू शकतो. २०११पासून मिश्र मुलांना दोन वंश जोडून लिहिता येतात. घराच्या हिशोबात त्यातला पहिला धरतात. त्यामुळे कुठला आधी लिहायचा यावर नवरा-बायकोच्या दीर्घ चर्चा होतात.


तांबडी_माती
रविवार, रात्री ९.३५

ब्राझीलबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. तिथे प्रश्न ‘रंग किंवा वंश’ असा आहे. १९७६च्या एका सरकारी सर्वेक्षणात पर्याय न देता तुमचा रंग कोणता असं विचारलं, तर १३६ वेगवेगळी उत्तरं आली. गव्हाळ, उन्हात रापलेला, दालचिनीसारखा, अशा छटा. खरं तर बहुतेक लोकांनी मोजकेच शब्द वापरले होते, पण आठवतात ते १३६च. २०२२मध्ये ‘पार्दो’ म्हणजे मिश्रवर्णीय ४५.३ टक्के, गोरे ४३.५ टक्के, ‘प्रेतो’ म्हणजे काळे १०.२ टक्के.

पण मला सांगायचंय ते पुढचं. २०१२मध्ये केंद्रीय विद्यापीठांत राखीव जागांचा कायदा झाला आणि वंश स्वतः सांगायचा, असं ठरलं. काही गोऱ्या दिसणाऱ्या मुलांनी पार्दो लिहून प्रवेश घेतल्याच्या तक्रारी आल्या. मग समित्या नेमल्या, आणि समितीपुढे उभं राहून चेहरा दाखवायचा. म्हणजे पेन माणसाच्या हातात दिलं, आणि उत्तरावर काही मिळायला लागताच पुन्हा दुसऱ्याच्या नजरेकडे गेलं. @रानजाई, तुमचे दोन प्रश्न एकमेकांपासून सुटे नाहीत. दुसऱ्याचं उत्तर बदललं की पहिल्याचंही बदलतं.


कोरा_कागद
रविवार, रात्री १०.१५

निळीशाई आणि रानजाई, कोविडच्या आकड्यांवर आणि कनाक लोकांवर माझ्याकडे उत्तर नाही, हे मोकळेपणाने मान्य करतो. पण मग माझी मागणी थोडी बदलून मांडतो. मोजा, पण नावापासून तोडून मोजा. ओळखपत्रावर नको, पोलिसांच्या हाती नको, आणि युद्ध आलं म्हणून गोपनीयतेचं कलम उचलता येणार नाही असा कायदा हवा.


मोजपट्टी
रविवार, रात्री १०.४०

@कोरा_कागद, पूर्ण सहमत. फक्त एक लक्षात घ्या. नाव काढलं की झालं असं नाही. छोट्या गावात त्या गटाचं एकच कुटुंब असेल, तर तक्त्यातला ‘१’ म्हणजेच ते कुटुंब. म्हणून लहान आकडे झाकतात किंवा मुद्दाम थोडे हलवतात. आणि तुमच्या ठिपक्यांच्या नकाशावर एकही नाव नव्हतं.


पाऊलवाट
सोमवार, सकाळी ७.५०

कालपासून धागा वाचतेय, प्रत्येक प्रतिसाद मोलाचा. माझा प्रश्न छोटा आहे. मुलगा पाच वर्षांचा. शाळेचा फॉर्म आलाय, त्यात वांशिक गट विचारलाय. मी भारतीय, नवरा घानाचा. ‘भारतीय आणि आफ्रिकी’ असा रकाना कुठेच नाही. ‘इतर मिश्र’ आहे आणि पुढे लिहायला रेषा. काय करू?


मोजपट्टी
सोमवार, सकाळी ८.२५

‘इतर मिश्र’वर खूण करा आणि रेषेवर दोन्ही देश लिहा, सुटसुटीत अक्षरांत. रेषा मोकळी सोडू नका. नुसत्या ‘इतर’ला कोड करणाऱ्याकडे काहीच उरत नाही. आणि असं लिहिणाऱ्यांची संख्या पुरेशी झाली, तर पुढच्या वेळी रकाना करायचा का, याची चर्चा त्या लिहिलेल्या रेषांवरूनच होते.


रानजाई (धागाकर्ती)
सोमवार, सकाळी ९.१०

आणि @पाऊलवाट, शाळेला नंतर हे उत्तर बदलता येतं का तेही विचारून ठेवा. आमच्याकडे आठव्या वर्षी मी लिहिलेलं अठराव्या वर्षी टिकलं नाही.


पाऊलवाट
सोमवार, रात्री ९.००

भरला. खूण केली, रेषेवर ‘भारत, घाना’ लिहिलं. शाळेत विचारलं, त्या म्हणाल्या कधीही बदलता येईल. मुलगा शेजारी बसून बघत होता. आधी कुठला देश लिहायचा ते मी त्यालाच विचारलं. म्हणाला, ज्याचं अक्षर सोपं ते.